चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (मूळ नाव: आंतोनियो झेवियर वाझ, जन्म: १९१६, हळदोणे, बार्देश, गोवा, मृत्यू: मे १९६७, मुंबई) हे भारतीय जॅझ ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि चित्रपटसंगीत संयोजक होते. अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीवरील प्रभुत्वामुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. हे बिरुद त्यांच्या कीर्तीस उपकारक ठरले असले, तरी त्यामुळे त्यांच्या कार्याचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. हॉटेलातील जॅझ त्यांनी चित्रपटगीतांत आणून रुजवला, हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

बालपण आणि शिक्षण

पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे व वाद्यवादनाचे शिक्षण मिळत असे. चर्चमधील उपासनेसाठी गायक-वादक तयार करणे हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात या शाळांनी मुंबई, कोलकाता, रंगून येथील हॉटेले, जहाजे आणि पुढे चित्रपटगृहांना दोन-तीन पिढ्या वादक पुरवले. वाझ यांचे शिक्षणही याच पद्धतीने झाले. मुलाने यंत्रकामाचा धंदा शिकावा अशी आईची इच्छा होती, परंतु त्यांचा ओढा संगीताकडे होता. लहानपणी त्यांना लाडाने चिको म्हणत. त्यावरून ते चिक झाले आणि रंगमंचावर चिक चॉकलेट.

मुंबईतील जॅझ

लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तोवर येथील हॉटेलांत नृत्यसंगीत वाजत होते, पण समोर मांडलेल्या कागदावरून वाजवायचे सोडून वादकाने त्याच क्षणी सुचेल ते वाजवावे, हा प्रकार गोमंतकीय वादकांनी जवळून प्रथमच पाहिला. स्वरलिपीच्या शिस्तीत वाढलेल्या या मंडळींना ते सोपे नव्हते. हिंदुस्थानी संगीतात ज्याला उपज म्हणतात तिच्याशी जॅझमधील या उत्स्फूर्त वादनाचे नाते आहे, परंतु गोव्यातील चर्चच्या शिक्षणात त्याला स्थान नव्हते. ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून त्यांनी ती विद्या आत्मसात केली. चिक यांनी आर्मस्ट्राँग यांच्या ट्रंपेटबरोबर त्यांचा खरखरीत गाता आवाजही उचलला.

१९४०च्या दशकात चिक अँड द म्युझिक मेकर्स हा त्यांचा वाद्यवृंद मुंबईत नावारूपाला आला. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात (आज तेथे ताजची मनोऱ्यासारखी नवी इमारत उभी आहे) आणि ताजमध्ये त्यांचे कार्यक्रम होत.

चित्रपटसंगीत

मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी कडक झाली आणि हॉटेलांतील रात्रीच्या जीवनाला उतरती कळा लागली. अनेक जॅझ वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांची वाट धरली. चिक त्यांपैकीच एक.

चित्रपटांतील कामाची रीत अशी होती : संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवी. गोमंतकीय सहायक ती तत्काळ स्वरलिपीत उतरवून घेई, प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद लिही आणि गाण्याच्या आरंभीचे व अंतऱ्यांमधील वाद्यसंगीत बांधी. श्रोत्यांच्या कानात जे तुकडे रेंगाळतात त्यांपैकी बरेच याच टप्प्यावर जन्मले. श्रेयनामावलीत मात्र या मंडळींचे नाव आलेच तर सहायक म्हणून येई, बहुधा येतच नसे. त्यामुळे कोणत्या गाण्यातील कोणता भाग कोणाचा, हे ठरवणे आज फार अवघड झाले आहे, आणि चिक यांच्या बाबतीतही तसेच आहे.

पुणतांबे (तत्कालीन अहमदनगर जिल्हा) येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी त्यांचे सूर विशेष जुळले. रामचंद्र यांनी ‘शहनाई’ (१९४७) मध्येच पाश्चात्त्य ठेक्याचा प्रयोग केला होता. चिक यांच्या साहाय्याने तो ‘अलबेला’ (१९५१) मध्ये बहरला. भगवान आणि गीता बाली यांच्या या चित्रपटातील एका गीतात चिक व त्यांचे सहकारी झालरीच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकन पोशाख घालून पडद्यावर वाजवताना दिसतात. गाण्याची चाल भारतीय कानाला परकी वाटत नाही, ठेका मात्र सर्वस्वी दूरदेशीचा आहे. हा सांधा कोठेही उघडा पडलेला नाही.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२) आणि ‘कर भला’ (१९५६) या चित्रपटांना संगीत दिले. ‘नादान’मधील तलत महमूद यांचे गीत रसिकांच्या स्मरणात आहे. ते संथ व हळुवार असून ट्रंपेटवादकाकडून ज्या गाण्याची अपेक्षा करावी त्याच्या अगदी उलट आहे. तिन्ही चित्रपटांनंतर मात्र त्यांना संगीतकार म्हणून स्थिर स्थान मिळाले नाही. मदन मोहन यांच्यासारख्या संगीतकारांसाठी ते वाजवत राहिले.

त्यांच्याच पिढीच्या जरा मागून आलेले माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ मैफलीच्या व्यासपीठावर घडवण्याचा यत्न केला. चिक यांनी असा जाहीर प्रयोग केला नाही. त्यांचा मेळ तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत झाला.

अखेर

चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’ (१९६६) या चित्रपटात खय्याम यांनी संगीतबद्ध केलेल्या आणि भूपिंदर यांनी गायलेल्या नाइटक्लबमधील गीतात चिक ट्रंपेट वाजवताना दिसतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या सुमारे एक्कावन्नाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबईच्या जॅझवरील नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या इंग्रजी ग्रंथामुळे त्यांच्या पिढीकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले.