चौलास उतरलेला रशियन व्यापारी

परदेशांतून हिंदुस्थानांत आलेल्या ख्रिस्ती माणसांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे बहुधा उपदेशक, शिक्षक, वैद्य अशांचीं नांवें पुढें येतात. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो ह्यांपैकीं कोणी नव्हता. त्याला कोणी पाठविलें नव्हतें. तो घोडा विकावयास आला होता. त्याचें नांव अफनासी निकितिन. वास्को द गामाचीं गलबतें 1498 सालीं कालिकतास लागलीं. त्याच्या वीस वर्षांहून अधिक आधीं हा मनुष्य आपल्या कोंकणांत चौलास उतरला, घाट चढून जुन्नरास आला व तेथून बेदरास गेला.

रशियांत व्होल्गा नदीच्या कांठीं त्वेर नांवाचें शहर आहे, तेथील हा राहणारा. कास्पियन समुद्राकडील शिरवान देशाचा वकील स्वदेशीं परत चालला होता. त्याच्या सोबतीनें गेल्यास वाट निर्धोक होईल असें मानून अफनासी व दुसरे व्यापारी आपापला माल घेऊन नदीनें निघाले. आस्त्राखानापाशीं तार्तरांनीं त्यांस गांठून लुटलें. पुढें समुद्रांत वादळ होऊन एक गलबत फुटलें व त्यांतील माणसें किनाऱ्यावरील लोकांनीं धरून नेलीं. तीं सुटलीं खरीं. परंतु घरीं जाण्यापुरती मदत द्यावी म्हणून सर्वांनीं शिरवानच्या राजाकडे विनंति केली, ती त्यानें मान्य केली नाहीं. तेव्हां ते रडत रडत पांगले. ज्याचें घरीं कांहीं उरलें होतें तो घरीं गेला. ज्याच्या डोक्यावर कर्ज होतें तो वाट फुटेल तिकडे गेला. कर्जापायीं गांव सोडणें म्हणजे काय, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

अफनासी पुढेंच गेला. बाकूहून समुद्र ओलांडून तो इराणांत आला, आणि गांवोगांव मुक्काम करीत शेवटीं होर्मूझ बंदरास पोंहोंचला. हिंदुस्थानांत घोडे पैदा होत नाहींत, म्हणून तेथें त्यांस मोठी किंमत येते, असें त्याला कळलें होतें. एक घोडा त्यानें बरोबर घेतला. त्यापायीं त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. तो घोडा गलबतावर चढवून मस्कत, गुजराथ व खंबायत ह्या मार्गानें तो चौलास आला. गोरा मनुष्य पाहावयास लोक त्याच्या मागें मागें फिरत. तोही त्यांस तितक्याच कौतुकानें पाही. येथील लोक घोड्यांस हरभरे घालतात व साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेंसुद्धां त्यानें लिहून ठेविलें आहे!

चौलाहून पाली, तेथून उमरी, व मग जुन्नर, असे त्यास चोवीस दिवस लागले. इतक्यांत पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी व चिखल, अशा दिवसांत तो जुन्नरास अडकून पडला. गांव खडकाळ डोंगरावर असून वर जाण्याची वाट इतकी अरुंद कीं दोन माणसें जोडीनें चालूं शकत नाहींत, असें तो सांगतो. तें वाचून शिवनेरीची आठवण होते.

जुन्नरचा अधिकारी असदखान ह्यानें त्याचा घोडा नेला. धनी मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे हें कळल्यावर त्यानें निरोप पाठविला कीं, धर्म सोडशील तर घोडा परत देईन व वर एक हजार मोहरा देईन. न सोडशील तर घोडा गेलाच, आणि हजार मोहरा तुझ्याकडून घेईन. चार दिवसांची मुदत दिली. ते दिवस त्याच्या मंडळीच्या ऑगस्टांतील उपासाचे होते. वाचकहो, त्या मनुष्याची स्थिति मनांत आणा. सारें भांडवल त्या एका घोड्यांत. हजारों कोसांत विचारावयास एकही विश्वासबंधु नाहीं. तो कबूल झाला असता तर त्वेरास कोणाला कळणार होतें? तो कबूल झाला नाहीं. तारणाऱ्याच्या सणाच्या आदल्या दिवशीं महंमद नांवाचा एक खुरासानी खजिनदार तेथें आला. अफनासीनें त्याचे पाय धरले, आणि त्या मुसलमान गृहस्थानें खानाकडे रदबदली करून घोडाही सोडविला व धर्माची बळजबरीही टाळली.

बेदरास त्यानें तो घोडा विकला. बहामनी सुलतान तिसरा महंमदशहा ह्याची स्वारी, हत्ती, वाजंत्री, वजीर महमूद गवान ह्याचा थाट, हें सर्व त्यानें पाहिलें. परंतु त्याच्या बरोबरच त्याला आणखी एक गोष्ट दिसली. सरदार चांदीच्या पालख्यांत बसून जातात व खेड्यांतील लोक अगदीं कंगाल आहेत, हें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे.

प्रवासांत तो ख्वाजा यूसुफ खुरासानी ह्या नांवानें वावरत असे. बेदरास त्यानें तेथील हिंदूंस आपण ख्रिस्ती असून आपलें नांव अफनासी आहे असें उघड सांगितलें. तेव्हांपासून त्यांनीं त्याच्यापासून कांहीं लपविलें नाहीं. जेवण, व्यापार, प्रार्थना सर्व त्याच्यासमोर करूं लागले, आणि शिवरात्रीस त्याला श्रीशैलाच्या यात्रेसही घेऊन गेले.

त्याच्या वहींतील मला सर्वांत हृदयद्रावक वाटणारा भाग मात्र निराळाच आहे. सण केव्हां येतात हें सांगणारे ग्रंथ त्यानें घरून आणले होते. ते तार्तरांच्या लुटींत गेले. त्यामुळें पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशीं हें त्यास कळेना. आकाशांतील तारे पाहून व मुसलमानांच्या सणावरून अजमास करून तो दिवस ठरवी. उपासांत मांस व लोणी वर्ज्य करून भाकर व पाणी घेई. बुधवार-शुक्रवार कधीं आले हेंही आपणांस उमगत नाहीं, असें तो रडून लिहितो. एका अमलदारानें त्याच्यावर धर्म सोडण्याचा आग्रह करितांना टोचून म्हटलें कीं, तूं मुसलमान तर दिसत नाहींस, पण ख्रिस्ती धर्मही तुला धड येत नाहीं. हे शब्द त्याला फार लागले. त्यावर विचार करून त्यानें स्वदेशीं परत जाण्याचा निश्चय केला.

वहीची अखेरची प्रार्थना अरबी व तुर्की शब्दांची असून तींत मुसलमान घेतात तीं देवाचीं नांवें आहेत. म्हणून कित्येक विद्वान तो अखेरीस बाटला असें म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. ज्याच्या जिभेवर कित्येक वर्षें तीच भाषा होती, त्यानें देवाला हांक मारावी कोणत्या शब्दांनीं? त्या वहींतच त्यानें आपल्या देशासाठीं केलेली प्रार्थनाही तुर्की भाषेंत आहे. तेथील सरदार न्यायी नाहींत हें कबूल करून, तरी तशी भूमि जगांत दुसरी नाहीं असें तो देवाला सांगतो.

दाभोळास दोन मोहरा भाडें भरून तो गलबतावर बसला. वाऱ्यानें तें हबशांच्या किनाऱ्यास नेलें. तेथून मस्कत, होर्मूझ, शिराज, तब्रीझ असें करीत तो त्राबझोनास आला. तेथील अधिकाऱ्यांनीं त्याच्याजवळ कागदपत्र असतील ह्या संशयानें त्याची झडती घेतली व हलकीसलकी चांगली चीज होती ती काढून घेतली. काळा समुद्र हा त्याचा तिसरा समुद्र. तो ओलांडून तो काफा बंदरास उतरला आणि पुन्हां रशियन बोलणारे व्यापारी त्याला भेटले.

घरीं मात्र तो गेला नाहीं. वाटेंत स्मोलेन्स्क यावयाच्या आधींच त्याला मरण आलें. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस नेल्या, आणि 1475 सालीं त्या राजाचा कारभारी वासिली मामिरेव ह्याच्या हातीं पडल्या. पुढें बखरींत त्यांची नक्कल झाली, म्हणून जुन्नरच्या त्या चार दिवसांची हकीकत आज आपणांस वाचावयास मिळते.