ऑलिम्पिकपेक्षा मोठी वाटली क्लबची मॅच! मेजर ध्यानचंद आणि झाशी हीरोज

२९ ऑगस्ट आला की शाळाशाळांत राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो. मेजर ध्यानचंद यांच्या फोटोला हार घालतात, दोन भाषणं होतात आणि पोरं घरी जातात. व्हॉट्सॲपवर हिटलरच्या आणि स्टिकमध्ये चुंबक असल्याच्या गोष्टी फिरतात. त्या गोष्टी आज बाजूला ठेवू. आज या माणसाच्या क्लबाबद्दल बोलू. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेला हा खेळाडू आपल्या गावच्या क्लबला शेवटपर्यंत विसरला नाही.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, अलाहाबादचा. वडील इंग्रजांच्या फौजेत होते आणि हॉकीही खेळायचे. फौजेची नोकरी म्हणजे आज इथं तर उद्या तिथं, बदल्या चालूच. शेवटी झाशीला घरापुरती जागा मिळाली आणि कुटुंब तिथं स्थिरावलं. झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते. हॉकीवाल्यांना मात्र ध्यानचंद आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग आठवतात. सारख्या बदल्यांमुळं शिक्षण सहावीच्या पुढं गेलंच नाही.

१९२२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ध्यानचंद साधे शिपाई म्हणून फौजेत भरती झाले. तोवर हॉकीत फार काही केलेलं नव्हतं. पलटणीत सुभेदार मेजर तिवारी यांनी त्यांना खेळाची गोडी लावली आणि धडेही दिले. दिवसभर ड्युटी असायची. मग रात्री चांदण्यात सराव करायचे, म्हणून सोबती चंद म्हणू लागले आणि मूळच्या ध्यानसिंगचे ध्यानचंद झाले, असं सांगतात.

१९२६ साली फौजेचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले, फक्त १ हरला. परत आल्यावर शिपायाचा लान्स नायक झाला.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकला भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच निघाला. बोट मुंबईहून सुटायची होती. निघण्याआधी मुंबईच्या संघाशी एक सामना झाला आणि त्यात आपला ऑलिम्पिक संघ ३-२ नं हरला! धक्क्यावर निरोप द्यायला मोजून तीन माणसं आली होती म्हणतात. तिकडं मात्र या संघानं पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यातले १४ एकट्या ध्यानचंद यांचे. सुवर्णपदक घेऊन बोट परत आली, तेव्हा त्याच मुंबईत स्वागताला माणूस मावत नव्हता. हरलेल्याला तिघं आणि जिंकलेल्याला हजारो, हा जगाचा रिवाज तेव्हाही होताच.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये दुसरं सुवर्ण मिळालं. अमेरिकेला २४-१ नं हरवलं. त्यात रूपसिंग यांचे १० गोल आणि ध्यानचंद यांचे ८. म्हणजे १८ गोल एकाच घरातले. हे रूपसिंग पुढं ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या फौजेत होते, तिथल्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. झाशीत एक क्लब होता, झाशी हीरोज. दोन ऑलिम्पिक जिंकलेला माणूस १९३३ साली याच क्लबाचा संघ घेऊन कलकत्त्याला बायटन कप खेळायला गेला. ही स्पर्धा १८९५ पासून चालत आलेली, देशातल्या मोठ्या स्पर्धांपैकी एक. झाशीचा संघ म्हणजे बहुतेक नवखी पोरं. नावाजलेले म्हणावेत असे रूपसिंग आणि मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडून खेळणारे इस्माईल, एवढेच. फायनलला समोर कलकत्ता कस्टम्स, सगळे कसलेले गडी, तेही आपल्या गावच्या मैदानावर.

कस्टम्सनं झाशीच्या गोलवर चढाई लावली होती. आता गोल होतो की मग, अशी वेळ. तेवढ्यात ध्यानचंद यांना चेंडू सापडला. ते मैदानाच्या मध्यापर्यंत आले, तिथून त्यांनी इस्माईलला लांब पास दिला. इस्माईल अर्धं मैदान वाऱ्यासारखे पळाले. कस्टम्सचा एक खेळाडू आणि गोलकीपर यांच्यात चेंडू कुणी घ्यायचा यावरून गडबड झाली आणि इस्माईलनी डाव साधला. झाशी १, कस्टम्स ०. कप झाशीला आला.

पुढं १९५२ साली ध्यानचंद यांचं आत्मचरित्र आलं. आयुष्यातला सर्वांत चांगला सामना म्हणून त्यांनी ना ॲमस्टरडॅम सांगितलं, ना लॉस एंजेलिस, ना बर्लिन. त्यांनी हीच फायनल सांगितली. ज्याचा निर्णायक गोल त्यांनी स्वतः केलाच नव्हता, असा गावच्या क्लबाचा सामना.

बर्लिन म्हणजे १९३६ चं ऑलिम्पिक. तेव्हा ते कप्तान होते. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीनं आपल्याला ४-१ नं हरवलं होतं. फायनलला पुन्हा जर्मनीच समोर. पावसामुळं सामना एक दिवस पुढं ढकलला, १५ ऑगस्टला झाला. मैदान ओलं. मध्यंतरापर्यंत जेमतेम १-०. मग ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले. निकाल लागला ८-१. तिसरं सुवर्ण! स्वातंत्र्य मिळायला तेव्हा बरोबर अकरा वर्षं बाकी होती.

१९५६ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पोरांना शिकवलं. चिरंजीव अशोककुमार यांनी १९७५ च्या विश्वचषक फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला, तो त्यांना बघायला मिळाला. पण शेवटचे दिवस चांगले गेले नाहीत. पैशाची ओढाताण होती, यकृताचा कॅन्सर झाला. दिल्लीच्या एम्समध्ये जनरल वॉर्डात ते होते आणि तिथंच ३ डिसेंबर १९७९ रोजी गेले.

मोठमोठ्या स्टेडियमला नाव देणं, खेलरत्न पुरस्काराला नाव देणं, हे सगळं मागाहून झालं. त्यांचं पार्थिव झाशीला आणलं. परवानगीवरून सुरुवातीला अडचणी आल्या, पण शेवटी झाशी हीरोजच्या मैदानावरच अंत्यसंस्कार झाले. पंजाब रेजिमेंटनं लष्करी मानवंदना दिली.

वाचकहो, ध्यानचंद यांना जग जादूगार म्हणतं, पण त्या जादूला उभं राहायला एक मैदान आणि पाठीशी एक क्लब लागला. आपल्याकडं गावोगावी क्रीडा मंडळं आहेत, कबड्डीची, खो-खोची, क्रिकेटची. पण मैदानं कुठं आहेत? कुठं उकिरडे पडलेत, कुठं अतिक्रमण झालंय, कुठं पोरं रोजच्या रोज कुणाच्या तरी मोकळ्या वावरात खेळून शिव्या खातात. २९ ऑगस्टला फोटोला हार जरूर घाला. पण पुढच्या ग्रामसभेत गावच्या मैदानाचा विषयही काढा. जागा किती, नावावर कुणाच्या, आणि आज तिथं काय आहे, एवढं तरी विचारा.