एलियट पोर्टर : स्लायडर नसताना पक्ष्यांचे रंग एडिट करणारा फोटोग्राफर

किनाऱ्यावरच्या पक्ष्याचा फोटो काढला की आपलं बोट आधी सॅच्युरेशनकडे जातं. फोटो चमकतो, पण कधी कधी पक्षीच बदलतो! लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे चिखलात टिपणारे दोन चिमुकले पक्षी. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. पायांचा रंग बिघडला की ओळखही चुकू शकते.

मग रंग किती बदलायचा आणि कुठे थांबायचं? मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी एका माणसानं या प्रश्नात आपलं आयुष्य घातलं. चला, त्याची गोष्ट पाहूया.

बेटावरचा मुलगा

एलियट पोर्टर यांचा जन्म ६ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेत, शिकागोजवळच्या विनेटका गावात झाला. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांच्या हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा आला. १९१२ मध्ये वडिलांनी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट स्प्रूस हेड नावाचं बेट विकत घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथेच जायच्या आणि फोटोंसाठी समोर असायचे पक्षी.

शिक्षण मात्र विज्ञानाचं. हार्वर्डमधून केमिकल इंजिनिअरिंग, मग १९२९ मध्ये तिथूनच डॉक्टरकीची पदवी. दवाखाना न थाटता ते हार्वर्डमध्येच शिकवू आणि संशोधन करू लागले. फोटोग्राफी हा छंदच होता. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांचा शब्द त्या काळी फोटोग्राफीत अखेरचा मानला जाई. पोर्टर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे फोटो घेऊन जायचे आणि अजून मेहनत हवी हे ऐकून परत यायचे. शेवटी १९३८च्या डिसेंबरात स्टिगलिट्झनी आपल्या गॅलरीत त्यांचं प्रदर्शन लावलं. पुढच्याच वर्षी पोर्टरनी नोकरी सोडली.

एका नकारानं दिशा बदलली

पक्ष्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन ते एका प्रकाशकाकडे गेले. उत्तर सरळ होतं : फोटो छान आहेत, पण रंगाशिवाय पक्षी ओळखायचा कसा? दुसरा कुणी नाराज होऊन बसला असता. पोर्टरनी रंगीत फिल्म हातात घेतली.

तेव्हा कोडाक्रोम फिल्म नवीकोरी होती आणि फार स्लो होती. आजच्या भाषेत आयएसओ १०च्या आसपास! तुमचा फोन संध्याकाळी घरात सहज ८००वर जातो. पोर्टर मोठा कॅमेरा घरट्याशेजारी लावायचे, फ्लॅशचे बल्ब जोडायचे आणि आडोशाला बसून पक्षी परत येण्याची वाट बघायचे. १९४१ मध्ये या कामासाठी त्यांना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या पक्ष्यांच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरलं.

डार्करूममधले स्लायडर

फोटो निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. प्रिंटसाठी त्यांनी डाय ट्रान्स्फर ही पद्धत वापरली. यात रंगीत फिल्मवरून लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळ्या निगेटिव्ह काढतात. त्यांवरून जिलेटिनचे तीन साचे बनतात. ते सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या रंगात बुडवून एकाच कागदावर एकामागून एक दाबायचे. एखादा साचा जरासा सरकला तरी पक्ष्याची कड दुहेरी दिसणार.

फायदा काय? प्रत्येक रंग स्वतंत्रपणे हातात. धुण्याच्या पाण्यातलं आम्ल बदललं की त्या रंगाचा जोर कमी-जास्त होतो. केमिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण इथे कामी आलं!

दुसरी युक्ती मास्कची. मूळ फिल्मवर तिचीच एक फिकट ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह ठेवायची. ती उजळ भागांवर जास्त गडद असते, त्यामुळे तिथला प्रकाश थोडा दाबला जातो आणि कॉन्ट्रास्ट आवरतो. पांढऱ्या पिसांचे तपशील पार उडून जात नाहीत. आज आपण हायलाइट्स खाली आणतो, ते काम साधारण असंच आहे.

रंग खोटे आहेत का?

१९६२ मध्ये सिएरा क्लबनं पोर्टर यांच्या रंगीत निसर्गफोटोंचं मोठं पुस्तक काढलं आणि ते गाजलं. पाठोपाठ टीकाही आली की रंग जरा जास्तच आहेत. फोटोत रंग जसाच्या तसा उतरत नाही, हे पोर्टरना मान्य होतं. पण आपण निसर्गात रंग नीट बघतच नाही, असंही त्यांचं मत होतं.

याची खरी परीक्षा ग्लेन कॅन्यनमध्ये झाली. कोलोरॅडो नदीच्या या दरीत लाल खडक आहेत, पण सावलीत त्यांच्यावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो. आपला मेंदू तो निळेपणा वजा करतो; फिल्म करत नाही. पोर्टरनी तो निळा पुसला नाही. १९६३ मध्ये धरणाचं पाणी चढू लागलं आणि त्याच वर्षी त्यांचं दरीवरचं पुस्तक आलं. जागा बुडणार होती, म्हणजे रंग पडताळून बघायला पुन्हा कुणी जाऊ शकणार नव्हतं. फोटो हाच पुरावा होता.

पक्ष्यांचं काम त्यांनी सोडलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं. २ नोव्हेंबर १९९० रोजी सांता फेमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह आज टेक्सासमधल्या एमन कार्टर म्युझियममध्ये आहे.

तुमच्या फोनवर काय कराल?

• आधी हायलाइट्स कमी करा, म्हणजे पांढऱ्या पिसांतल्या रेषा दिसतील. पिसं पूर्ण पांढरी जळाली असतील तर एडिटिंगनं ती परत येत नाहीत. म्हणून फोटो काढतानाच एक्सपोजर थोडं खाली ठेवा.

• मग व्हाइट बॅलन्स बघा. सावलीतला पांढरा पक्षी थोडा निळसर दिसणारच. तो निळा पूर्ण काढायच्या नादात फोटो पिवळा करू नका, नाहीतर पायांचा आणि चोचीचा रंगही बदलेल.

• सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी हवा तेवढा एकच रंग हलवा. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग मुळात किती फिका असतो, ते आधी आठवा.

• मूळ फोटो डिलीट करू नका. उद्या कुणी पक्षी ओळखायला मागितला तर तोच उपयोगी पडेल.

पोर्टरना एका प्रिंटसाठी तासन्‌तास खपावं लागायचं, त्यामुळे रंग बदलण्याआधी ते विचार करायचे. आपलं काम दोन सेकंदांत होतं. विचार तेवढा आपल्याला मुद्दाम करावा लागतो.