रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर वेगळे करणारे मार्टिनस बायरिंक

पेरणीआधी हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम लावतात आणि ज्वारीला ॲझोटोबॅक्टर. हे दोन्ही जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून वाढवले ते एकाच माणसाने, नेदरलँडमधील मार्टिनस बायरिंक यांनी.

त्यांचा जन्म १८५१ मध्ये ॲमस्टरडॅमला झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि ते रेल्वेत कारकून झाले. घरची ओढाताण असतानाही मार्टिनस डेल्फ्टला रसायनशास्त्र शिकले. नंतर वाखेनिंगेनच्या कृषी शाळेत त्यांनी काही वर्षे शिकवले आणि १८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क कारखान्यात जिवाणूतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. मुळांवरच्या गाठींचे काम त्यांनी या कारखान्यात असतानाच केले.

कडधान्यानंतर पुढचे पीक चांगले येते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये दाखवले, की गाठी असलेला वाटाणा हवेतील नत्र वापरतो. पण गाठीत नेमके कोण आहे? बायरिंक यांनी गाठीच्या आतला भाग घेतला आणि तो पानांचा काढा घातलेल्या जिलेटिनवर पसरला. त्या काळी जिवाणू वाढवायला सर्रास मांसाचा रस वापरत. झाडात राहणाऱ्या जिवाणूला झाडाचेच अन्न द्यावे, हा त्यांचा विचार फळाला आला. १८८८ मध्ये त्यांनी हा जिवाणू शुद्ध स्वरूपात मिळवल्याचे जाहीर केले. त्यांनी दिलेले नाव बॅसिलस रॅडिसिकोला. रायझोबियम हे नाव पुढच्या वर्षी फ्रँक यांनी दिले. शुद्ध जिवाणू दिल्यावर घेवड्यासारख्या बाकल्याच्या मुळांवर गाठी येतात, हेही बायरिंक यांनी दाखवले. मात्र बाटलीत एकटा वाढवलेला जिवाणू नत्र धरताना काही त्यांना दिसला नाही. झाडाच्या मुळाशिवाय तो हे काम सहसा करत नाही, म्हणून तर तो बियाण्यालाच लावायचा.

१८९५ पासून ते डेल्फ्टला प्राध्यापक होते. स्वभाव कडक, लग्न केले नाही आणि विद्यार्थ्यांना त्यांची धास्ती वाटे. तंबाखूच्या केवडा रोगाचे कारण जिवाणूपेक्षा वेगळे आहे, हे त्यांनी १८९८ मध्ये मांडले आणि त्याला विषाणू म्हटले. तो विषय इथे लांबवत नाही.

ॲझोटोबॅक्टरची युक्ती मात्र आजही प्रयोगशाळेत वापरतात. चिमूटभर मातीत असंख्य प्रकारचे जिवाणू असतात, त्यातून हवा तो शोधायचा कसा? बायरिंक यांनी शोधण्याऐवजी उपाशी ठेवण्याचा मार्ग धरला. पसरट भांड्यात पाण्याचा पातळ थर, त्यात मॅनिटॉल नावाची शर्करा आणि स्फुरद. नत्र मात्र मुद्दाम घातले नाही. त्यात थोडी बागेतली माती टाकली. नत्राविना इतरांची वाढ खुंटते, हवेतून नत्र घेणारा तेवढा फोफावतो. काही दिवसांत पृष्ठभागावर साय धरते आणि ती तपकिरी होत जाते. १९०१ मध्ये त्यांनी या जिवाणूला नाव दिले ॲझोटोबॅक्टर क्रोकोकम. थर पातळ ठेवायचे कारण साधे आहे: या जिवाणूला मोकळी हवा लागते. पाणी साचलेल्या रानात तो नीट काम करत नाही.

१९२१ मध्ये निवृत्त झाल्यावर ते बहिणींसोबत खोरसेल या गावी राहिले. तिथेही काम सुटले नाही. १९२५ मध्ये त्यांनी आणखी एका नागमोडी जिवाणूचे वर्णन केले, स्पिरिलम लिपोफेरम. १ जानेवारी १९३१ रोजी ते वारले. तो नागमोडी जिवाणू जवळजवळ अर्धशतक दुर्लक्षित राहिला. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांना तो गवताच्या मुळांशी पुन्हा सापडला आणि १९७८ मध्ये त्याला नवे नाव मिळाले, ॲझोस्पिरिलम.