महाराजा सयाजीराव गायकवाड : प्राण्यांची बाग उभारणारा शिक्षणप्रेमी राजा



वर्गात मुलांना प्राण्यांची नावे विचारून बघा. सिंह, जिराफ, पेंग्विन पटापट सांगतील. आपल्या नदीत कोण राहतं विचारलं, की मासा आणि बेडूक यांच्यापुढे गाडी सरकत नाही. महादेवाच्या देवळात नंदीजवळचे दगडी कासव सगळ्यांना माहीत असते, पण जिवंत कासव काय खाते हे सांगता येत नाही. म्हणून आज बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने पाहू.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. घरची परिस्थिती साध्या शेतकऱ्याची. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून दूर केले आणि २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तोपर्यंत शाळेशी फारसा संबंध नव्हता. बाराव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरुवात! मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू असा अभ्यास त्यांनी नेटाने पूर्ण केला. उशिरा शिकायला लागलेल्या मुलाकडे आपण ज्या नजरेने बघतो, ती नजर बदलायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

त्या काळी राजदरबारात प्राणी म्हणजे शिकार नाहीतर करमणूक. बडोद्याला हत्तींची साठमारी प्रसिद्ध होती आणि हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. सयाजीरावांच्या राज्यातही या प्रथा एकदम बंद झाल्या नाहीत, हे मुलांना प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्याच बडोद्यात १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी मोठी बाग लोकांसाठी खुली झाली आणि तिथे प्राणिसंग्रहालयही आले. तेव्हा महाराज अजून अल्पवयीन होते आणि कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. आज ही बाग सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. दरबारी थाटासाठी ठेवलेला प्राणी वेगळा आणि सामान्य माणसाच्या मुलाने जवळून पाहावा म्हणून ठेवलेला प्राणी वेगळा. फरक बघा किती मोठा आहे!

१८८१ च्या अखेरीस राज्याची सूत्रे हाती आल्यावर महाराजांनी शिक्षणाचे काम झपाट्याने वाढवले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला, मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही. १८९४ मध्ये त्याच बागेत संग्रहालय उभे राहिले. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आले आणि गावोगावी फिरत्या पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती देणारे राजे ते हेच. शाळा, ग्रंथालय, संग्रहालय, बाग ही सगळी एकाच शिक्षणाची अंगे आहेत. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता पुढची गोष्ट. ज्या चित्त्यांचा बडोद्याला एवढा तोरा होता, तो चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. विश्वामित्रीत मात्र आजही मगरी आणि गोड्या पाण्यातली कासवे आहेत, तीही भर शहरात. पिंजऱ्यातला प्राणी माणूस सांभाळतो. नदीतला प्राणी टिकायचा तर नदीच टिकावी लागते.

आपल्या परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा, दुधना वाहतात. गोदावरीत मऊ पाठीची मोठी कासवे आढळतात. तळ्यात, ओढ्यात आणि विहिरीत एक लहान कासव सापडते. ते पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकून घेते आणि पाणी आटले की चिखलात स्वतःला पुरून पावसाची वाट बघते. गोगलगायी, किडे आणि मेलेले मासेही खाते, म्हणजे पाण्याची सफाईच करते. वाळू उपसली की अंडी घालायची जागा जाते आणि जाळ्यात अडकले की श्वास कोंडून मरते, कारण त्याला हवेसाठी वर यावेच लागते.

पालकहो, एक विनंती. घरात भरभराट येते म्हणून नदीतले कासव आणून टाकीत ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. कुठे सापडले तर वनविभागाला कळवा.

देवगाव फाट्याजवळ सयाजीबागेएवढी बाग नाही. पण ओढा आहे, तळे आहे, आणि उत्सुक डोळ्यांची मुले आहेत. या पावसाळ्यानंतर वर्गाला एकदा तळ्यावर न्या. लांबूनच, शांतपणे बघायला सांगा आणि परत आल्यावर प्रत्येकाने दिसलेल्या एका प्राण्यावर पाच ओळी लिहाव्यात. सयाजीरावांची जयंती साजरी करायची याहून चांगली तयारी कोणती?