पेशीपासून पेशी : रूडॉल्फ फिरखो याचे चरित्र

गवत कापताना विळा बोटास लागला, तर आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. ही नवी कातडी येते कोठून? दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या वैद्यांसही ह्याचे खरे उत्तर ठाऊक नव्हते. ते उत्तर ज्याने वैद्यशास्त्राचा पाया करून ठेविले, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

रूडॉल्फ फिरखो याचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शीफेलबाइन ह्या लहानशा गावी झाला. तो गाव आता पोलंड देशात मोडतो. बाप शेती करी व गावाच्या खजिन्याचे काम पाही. मुलाच्या मनात प्रथम पाळक व्हावे असे होते. परंतु उपासनामंदिरास पुरेल एवढा आपला आवाज नाही, असे वाटून तो वैद्यकीकडे वळला. (एवढ्याच कारणाने मागे हटलेला उपदेशक आमच्या तरी पाहण्यात नाही.) बर्लिन येथे शिकून १८४३ साली तो डॉक्टर झाला आणि शारिते नामक रुग्णालयात प्रेते तपासण्याच्या कामास लागला. १८४५ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, पांढऱ्या पेशींची भयंकर वाढ झालेल्या रक्ताचे वर्णन त्याने प्रसिद्ध केले. पुढे त्या रोगास ल्युकेमिया हे नाव त्यानेच दिले.

१८४८ च्या आरंभी वरच्या सायलेशियात टायफस ज्वराने माणसे पटापट मरत होती. सरकारने फिरखोस चौकशीस पाठविले. तेथे त्याने काय पाहिले? उपाशी शेतकरी, कोंदट झोपड्या, शाळेचा अभाव, आणि लोकांची पोलिश भाषा न जाणणारे अंमलदार. हा ज्वर अंगावरील उवांनी पसरतो हे १९०९ साली कळले. फिरखोस ते ठाऊक नव्हते. तरी दारिद्र्य व अज्ञान ही साथीची जननी होत हे त्याने ओळखले. शाळा, रस्ते, न्याय्य कर व लोकांच्या हाती सत्ता, हेच त्याने औषध म्हणून लिहून दिले. धर्माधिकाऱ्यांनी लोकांस अज्ञानात ठेविले, असा ठपकाही त्याने ठेविला. आमच्या वर्गास हे वाचून बरे वाटत नाही, पण ते लपविणे योग्य नव्हे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये क्रांती झाली व हा गृहस्थ रस्त्यावरील मोर्चेबंदीत उभा राहिला. परिणामी सरकारची मर्जी गेली, आणि १८४९ साली बर्लिन सोडून वुर्त्सबुर्ग येथे त्यास अध्यापक व्हावे लागले.

ह्या वनवासात त्याचे मुख्य कार्य परिपक्व झाले. वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत हे श्लायडेनने १८३८ साली व प्राणीही तसेच आहेत हे श्वानने १८३९ साली मांडिले होते. मात्र नव्या पेशी निराकार द्रवातून, जसे पाकातून साखरेचे खडे जमावे तशा, आपोआप जमतात असे ते समजत. ही समजूत चुकीची होती. पेशी जन्मते ती पूर्वीच्या पेशीपासूनच. आधी तिच्या केंद्रकातील द्रव्य दुप्पट होते, मग केंद्रक दुभंगतो, नंतर पेशीचे अंगही दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. विळ्याची जखम भरते ती अशीच, कडेच्या पेशी विभागत विभागत पुढे सरकून.

आपल्या गावात सुतार, कुंभार, चांभार जसे आपापले काम करितात, तशा पेशीही करितात. एकाच कामाच्या पेशी जणू एका आळीत राहतात. त्या समूहास ऊतक म्हणतात. अनेक ऊतके मिळून जठर, हृदय असे अवयव होतात, आणि तोंड, जठर, आतडी, यकृत मिळून पचनसंस्था. सर्वच पेशी विभागतात असे मात्र नाही. रक्तातील तांबड्या पेशीस केंद्रक नसतो. ती सुमारे १२० दिवस जगते, व तिच्या जागी हाडांच्या मगजात नवी तयार होते. मेंदूच्या बहुतेक पेशी प्रौढपणी विभागत नाहीत. म्हणूनच तेथील इजा कातडीप्रमाणे भरून येत नाही.

१८५६ साली फिरखो मानाने बर्लिनला परतला. १८५८ साली त्याची वीस व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली. रोग म्हणजे सर्व देहात शिरलेला बिघडलेला रस नव्हे. त्याचे मूळ पेशींच्या बिघाडात शोधावे, हे त्याने शिकविले. आज डॉक्टर गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, ती रीत ह्याच शिकवणीची संतती होय.

परंतु पेशीविभागाचे श्रेय एकट्या फिरखोचे नव्हे. रॉबर्ट रेमाक ह्या यहूदी संशोधकाने कोंबडीच्या अंड्यातील गर्भ तपासून हेच सत्य १८५२ साली, फिरखोच्या आधी, छापले होते. फिरखोने १८५५ साली तेच तत्त्व मांडिले, तेव्हा रेमाकचे नाव घेतले नाही. रेमाकने बाप्तिस्मा घेतला असता तर विद्यापीठात पूर्ण अध्यापकाचे पद मिळण्याचा त्याचा मार्ग मोकळा झाला असता. त्याने तो घेतला नाही व ते पद त्यास कधीच मिळाले नाही. पदाची लालूच दाखवून बाप्तिस्मा मागणाऱ्या त्या राज्यापेक्षा आम्हांस रेमाकच अधिक प्रामाणिक वाटतो.

दुसरीही एक चूक सांगितली पाहिजे. व्हिएन्नाचा डॉक्टर सेमेलवाइस हात धुवून बाळंतज्वर टाळीत होता; फिरखोने दीर्घकाळ त्याचे मत मानिले नाही. त्याच्या वजनामुळे इतरांसही न मानणे सोपे झाले.

तथापि सायलेशियाचा धडा तो विसरला नाही. १८५९ पासून तो बर्लिनच्या नगरसभेत बसला. त्याच्या आग्रहाने शहराखाली गटारे बांधिली गेली व मैला गावाबाहेरील शेतांत नेऊन सोडला जाऊ लागला. मांसाची तपासणी व्हावी म्हणूनही तो झगडला.

४ जानेवारी १९०२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, चालत्या ट्राममधून उतरताना पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्या दुखण्यातून त्याची प्रकृती पूर्ववत झाली नाही, आणि ५ सप्टेंबर रोजी बर्लिन येथे त्याने देह ठेविला.