एका आईचे हात : श्रीमती फातिमा इस्माईल

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा आपला परिपाठ आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. राण्या आणि संत स्त्रिया यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. म्हणून या खेपेस मी अशा एका बाईंची निवड केली आहे, की ज्यांचे मोठेपण त्यांच्या हातांत होते.

श्रीमती फातिमा इस्माईल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०३ चा. मुंबईचे गिरणीमालक व देशभक्त उमर सोबानी हे त्यांचे वडील बंधू. १९२१ साली परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली, ती याच सोबानींच्या गिरणीच्या आवारात. अशा घरातली ही मुलगी डॉक्टर होण्यासाठी व्हिएन्नाला गेली. पण भावाचा व्यापार बुडाला आणि शिक्षण अर्धवट टाकून तिला परतावे लागले. पुढे त्यांनी अखिल भारतीय महिला परिषदेचे काम केले, लग्न झाले, संसार सुरू झाला.

आणि मग घरावर घाला आला. त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. हसती खेळती पोर अंथरुणाला खिळली. त्या काळी या दुखण्यावर औषध नव्हते, लसही नव्हती. डॉक्टर हात टेकत आणि शेजारणी नशिबाला बोल लावत. फातिमाबाईंनी मात्र नशिबाचे नाव घेतले नाही. मद्रासला डॉ. किणी म्हणून हाडांचे नामांकित डॉक्टर होते, त्यांच्याकडे त्या मुलीला घेऊन गेल्या. पुढे पुण्याला, जेथे लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांवर मालिश व व्यायामाचे उपचार होत, तेथेही तिच्यावर इलाज चालले.

या उपचाराचे मर्म आपण समजून घेतले पाहिजे. पोलिओत बिघाड होतो तो मज्जारज्जूत, पायात नव्हे. जे ज्ञानतंतू मेले, ते चोळून जिवंत होत नाहीत. परंतु जे शिल्लक राहतात, त्यांच्याकडून काम करून घेता येते. शेकाने आखडलेला स्नायू सैल होतो, हलक्या मालिशीने दुखणे कमी होते आणि सांधे रोज हलवले म्हणजे पाय वाकडा होऊन बसत नाही. नंतर मुलाने स्वतः प्रयत्न करायचा, हळूहळू वजन टाकायचे. ऑस्ट्रेलियातील परिचारिका सिस्टर केनी यांनी हाच शेकाचा आणि व्यायामाचा मार्ग जगाला दाखवला होता. हे महिनोन्‌महिने, न कंटाळता, रोज करावे लागते. मुलगी रडते, आईचे काळीज तुटते, तरी थांबायचे नाही. फातिमाबाईंची लेक पुन्हा आपल्या पायांवर चालू लागली.

येथवरची गोष्ट कोणत्याही चांगल्या आईची होईल. फातिमाबाई थोर ठरल्या त्या यापुढे. माझी बरी झाली, पण इतरांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. अखेर डॉ. बाळिगा यांनी आपला दवाखाना वापरू दिला आणि मे १९४७ मध्ये मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी केंद्र सुरू झाले. त्यातूनच हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. अपंगांना हाताला काम मिळावे म्हणूनही त्यांनी संस्था काढली. १९५८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढे त्या राज्यसभेच्याही सदस्य झाल्या. १९८७ साली त्या निवर्तल्या.

आपल्या भागाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मुरबाडला नवी सून म्हणून आले, तेव्हा आमच्या आळीत एक पोर हातांवर सरपटत अंगणभर फिरे. आईने तिला कुठे न्यावे? मुरबाडला रेल्वे नाही, एस.टी.ने कल्याण, तेथून गाडीने दादर, मग हाजीअली. शहापूरकरांना आसनगावचे स्टेशन तरी आहे. एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी बुडाली. त्या माउलीचे प्रेम फातिमाबाईंपेक्षा कमी नव्हते. कमी होते ते कोणी वाट दाखवणारे. पोर मोठी झाली, पण चालली नाही.

आज पोलिओ देशातून गेला आहे. २०११ च्या जानेवारीनंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूने एकही मूल आजारी पडलेले नाही आणि २०१४ साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. परंतु दुखणी संपली नाहीत. आवणीत दिवसभर वाकून कंबर धरते, हंडे आणि मोळ्या वाहून मान आखडते, झाडावरून पडून हात मोडतो. आपल्याकडे तेल लावणाऱ्या जाणत्या बायका आहेत, त्यांच्या हाताला खरोखर गुण आहे. मात्र एवढे ध्यानात ठेवावे : पडल्यावर जागा सुजली, वाकडी दिसली किंवा टेकवेना, तर ती चोळू नये, फळीचा आधार बांधून आधी दवाखाना गाठावा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तरी चोळू नये. ताप असताना, जखमेवर किंवा अंगाला मुंग्या येऊन बळ जात असताना मालिश करू नये. साध्या आखडण्यावर शेक, हलका हात आणि रोजची थोडी हालचाल हेच औषध.

भगिनींनो, रुग्णालय काढणे प्रत्येकीला जमणार नाही. पण शेजारच्या बाईबरोबर कल्याणपर्यंत जाणे, तिच्या मागे तिची भाकर भाजून ठेवणे, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तिच्या मुलाकडून रोज करून घेणे, हे आपल्या मंडळाला खास जमेल. फातिमाबाईंचे स्मरण म्हणून यंदा आपण एवढा नेम धरू या.